31 डिसेंबर 1992 च्या रात्री ही बोट कुठे होती?

11 नोव्हेंबर 2023, वेरे, झेलंड (नेदरलँड्स)

आज बोट आमची झाली. वेस्टर्ली सेंटॉर, 26 फूट, 1977 सालची बांधणी, किंमत 4,500 युरो. विकणारे गृहस्थ 83 वर्षांचे, मूळचे इंग्लंडचे. 1999 साली त्यांनी ती तिकडे विकत घेतली, 2004 मध्ये शिडावर इकडे आणली आणि स्वतःही झेलंडमध्येच राहिले. आता गुडघे चालत नाहीत म्हणून विकली. दोरी आमच्या हातात देताना त्यांनी बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन मिनिटं हात ठेवला होता.

सेंटॉरला खाली एकाऐवजी दोन कणे असतात. ओहोटीला पाणी गेलं की बोट चिखलात सरळ उभी राहते, कलंडत नाही. रत्नागिरीच्या खाडीत कलंडलेल्या होड्या बघत वाढलेल्या मला पहिल्यांदा हेच आवडलं. लॉरेंट गाइल्स यांच्या कार्यालयाने आराखडा केला आणि 1969 ते 1980 या काळात 2,444 बोटी बांधल्या गेल्या. आमची त्यांतली एक.

बोटीबरोबर चार शिडं, दोन नांगर, एक निळी फाइल आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून कागद आले. खरेदीखतात एक ओळ आहे: 'या बोटीवरील व्हॅट भरलेला आहे.' मी ती वाचून निश्चिंत झाले होते. शेजारच्या बोटीवरचे काका चहाला आले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बेटेवेचा पुरावा आहे ना?" इथे व्हॅटला बेटेवे म्हणतात. मी खरेदीखतातली ओळ दाखवली. ते म्हणाले, "हे विकणाऱ्याचं म्हणणं झालं. पुरावा कुठाय?"

19 नोव्हेंबर 2023

आठवडाभर नियम वाचले. स्वतःला नीट समजावं म्हणून इथे लिहून ठेवते.

युरोपीय संघात राहणाऱ्या माणसाची बोट संघाच्या पाण्यात मोकळेपणाने फिरायची तर तिच्यावर संघातल्या कुठल्या तरी देशाचा व्हॅट भरलेला असावा लागतो, किंवा तो भरल्यासारखा धरला गेलेला असावा लागतो. आमची खरेदी दोन खासगी माणसांमधली, बोट जुनी, त्यामुळे या व्यवहारावर व्हॅट नाही. बोटीच्या बाबतीत 'नवं' म्हणजे साडेसात मीटरहून लांब आणि वापरात येऊन तीन महिने न झालेली किंवा शंभर तासांहून जास्त न चाललेली. सेंटॉर 7.92 मीटर आहे, पण 46 वर्षांची आहे. तो प्रश्न तिथेच मिटतो.

उरतो तो जन्मापासूनचा हिशेब. मूळ बिल असेल तर उत्तमच. नसेल तर जुन्या बोटींसाठी एक सोय आहे. 1 जानेवारी 1993 ला एकसंध बाजारपेठ सुरू झाली, तेव्हा ठरलं की जी बोट 1 जानेवारी 1985 च्या आधीपासून खासगी वापरात होती आणि 31 डिसेंबर 1992 च्या मध्यरात्री तेव्हाच्या बारा सदस्य देशांपैकी एकात होती, तिचा व्हॅट भरलेला धरायचा. नंतर सामील झालेल्या देशांना वेगळ्या तारखा आहेत: ऑस्ट्रिया, फिनलंड, स्वीडनसाठी 1987 च्या आधीची बोट आणि 1994 चा शेवट, 2004 साली आलेल्या दहा देशांसाठी 1 मे 1996 च्या आधीची बोट आणि 30 एप्रिल 2004. आम्हाला पहिली जोडी लागू, कारण बोट ब्रिटनमधली.

आणि ब्रेक्झिटने तिसरी तारीख आणली. संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 ला संपला, ब्रसेल्सच्या घड्याळात मध्यरात्री, लंडनच्या घड्याळात रात्री अकरा. त्या क्षणी जी बोट उरलेल्या 27 देशांपैकी एकात होती तिचा संघातला दर्जा टिकला. जी ब्रिटनमध्ये होती तिचा गेला, मग तिचा मालक कुणीही असो.

म्हणजे मला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत: 1985 च्या आधी ती वापरात होती, 1992 च्या शेवटच्या रात्री ती संघात होती, आणि 2020 च्या शेवटच्या रात्रीही होती.

26 नोव्हेंबर 2023

डबा जेवणाच्या टेबलावर ओतला. नवरा म्हणाला, दिवाळीची साफसफाई उशिरा आली. दोनशेच्या वर कागद: रंगाची बिलं, दोऱ्यांची बिलं, भरती-ओहोटीची कोष्टकं, विझत आलेले फॅक्स. सालाप्रमाणे ढीग लावले.

दुपारी तीनला मी ओरडलेच. 1977 चा एक टंकलिखित कागद, त्यावर बोटीची किंमत आणि खाली 'व्हॅट साडेबारा टक्के'. दर बरोबर आहे. ब्रिटनमध्ये व्हॅट 1 एप्रिल 1973 ला आला तो 10 टक्क्यांनी. 1975 मध्ये बोटी चैनीच्या वस्तूंत घालून त्यांच्यावर 25 टक्के लावले, आणि 1976 च्या एप्रिलमध्ये तो दर निम्मा केला. 1977 ला साडेबारा टक्केच असायला हवा.

मग कागद पुन्हा वाचला. वर 'कोटेशन' लिहिलंय. पैसे दिल्याची सही नाही, शिक्का नाही, बोटीचा क्रमांक नाही. किती किंमत पडेल हे कुणीतरी कुणाला तरी कळवलंय, एवढंच. फाइलमध्ये ठेवते, कारण बोटीचं साल त्यावरून दिसतं. पण हे बिल नाही.

2 डिसेंबर 2023

मूळ बिलाचा नाद सोडला. बांधणारी कंपनी 2000 सालाच्या सुमारास बंद पडली. विकणाऱ्या दुकानदाराने व्हॅटच्या वह्या ठेवल्या असत्या तरी ब्रिटनमध्ये त्या सहा वर्षं ठेवायचं बंधन आहे. 1977 च्या वह्या आज कुणाकडे असणार? या एका कागदामागे लोक वर्षं घालवतात, आणि तो मिळत नाही म्हणून हताश होतात. माझं मत आता पक्कं झालंय: इतक्या जुन्या बोटीचं बिल शोधत बसू नये, तारखा शोधाव्यात.

9 डिसेंबर 2023

रात्री वडिलांना, आप्पांना, रत्नागिरीला फोन. बोट घेतल्याचा आनंद त्यांना आहेच, पण कागदांची गोष्ट ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले असावेत, आवाजावरून कळलं.

"बोटीचा सातबारा नसतो काय गो?"

"नाही आप्पा. इथे शिडाच्या छोट्या बोटीची नोंदणी सक्तीची नाही. इंग्लंडमधली छोट्या बोटींची नोंदवही होती, तिची दोन जुनी प्रमाणपत्रं आहेत. पण त्यांत नुसतं बोटीचं नाव नि मालकाचं नाव. मालकीसुद्धा सिद्ध होत नाही त्यानं."

"मग वहिवाट दाखव."

"म्हणजे?"

"आपल्या खालच्या आगराचा फेरफार हरवला होता, तेव्हा आजोबांनी काय केलं? बत्तीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, माड उतरवणाऱ्याचा हिशेब, बांध घातला त्या गवंड्याची चिठ्ठी. माणूस तिथं होता, राबत होता, हे दिसलं पाहिजे. एक कागद सुटा असला की त्याच्यावर प्रश्न येतो. दहा कागद एकमेकांना धरून असले की विचारणाराच गप्प बसतो. तू सगळं सालवार लाव, आणि कुठं खंड पडतो ते बघ. खंड पडला तिथंच विचारतील."

फोन ठेवल्यावर वहीवर मोठ्या अक्षरात 'वहिवाट' लिहिलं आणि 1977 पासून 2023 पर्यंत उभी रेघ मारली. हातात आहे तो कागद त्या-त्या सालापुढे. एक वाजता झोपले.

17 डिसेंबर 2023

2020 ची तारीख सुटली. इथल्या व्यवसायांना हिशेब सात वर्षं ठेवावे लागतात, त्यामुळे मरीनाच्या कार्यालयात सगळं होतं. जागेचा वार्षिक करार मिळाला, पण त्यानं भागत नाही. करार म्हणजे जागा भाड्याने घेतली. त्या रात्री बोट त्या जागेत होती असं त्यातून निघत नाही. म्हणून क्रेनची नोंद मागितली. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, तसं इथे हिवाळ्यात बोटी क्रेननं उचलून जमिनीवर ठेवतात. आमची 4 नोव्हेंबर 2020 ला वर आली आणि 22 मार्च 2021 ला पाण्यात गेली. दोन्ही तारखा एकाच बिलावर, बोटीचं नाव आणि लांबी लिहिलेली. त्या डिसेंबरात देश टाळेबंदीत होता, कुणाची बोट कुठे जाणार?

2021 नंतर ती झेलंडच्या बाहेर गेली नाही, हे आधीच्या मालकांच्या लॉगबुकात दिसतं. तेही महत्त्वाचं. संघाबाहेर पाऊल पडलं की दर्जा पुन्हा सिद्ध करावा लागतो. परत येणाऱ्या मालासाठी सवलत आहे, पण माल तीन वर्षांच्या आत आणि नेणाऱ्याच माणसाने परत आणायला हवा.

1985 च्या आधीचं वयही सोपं निघालं. कॉकपिटमधली, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेतली, बोटीचा क्रमांक असलेली बांधणीची पट्टी जागेवर आहे. 1999 च्या खरेदीवेळी सर्व्हेयरने केलेल्या अहवालात 1977 साल लिहिलंय. 1981 ची विम्याची पॉलिसी आहे. वयासाठी असे कागद चालतात.

6 जानेवारी 2024

खंड सापडला. नेमका जिथे नको होता तिथेच.

मालकांची साखळी अशी: पहिले 1977 ते 1986, दुसरे 1986 ते 1999, तिसरे म्हणजे आम्हाला बोट विकणारे आजोबा. दुसऱ्या मालकांची लॉगबुकं सुरेख आहेत, वारा, दाब, जेवण, सगळं. 1992 च्या उन्हाळ्यात ते कुटुंब ग्वेर्नसीला गेलं. शेवटची नोंद 4 सप्टेंबर 1992, सेंट पीटर पोर्ट, नैऋत्य वारा 6, पाऊस. खाली लहान मुलाच्या हाताने काढलेला समुद्रपक्षी. त्यानंतर वही कोरी. पुढची नोंद थेट 10 एप्रिल 1993 ची, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लिमिंग्टन.

ग्वेर्नसी नकाशावर फ्रान्सला टेकलेलं दिसतं, पण ती आणि जर्सी ही बेटं संघाच्या व्हॅटच्या हद्दीत कधीच नव्हती. सीमाशुल्काच्या हद्दीत होती, व्हॅटच्या नाही. बोट त्या हिवाळ्यात सेंट पीटर पोर्टलाच राहिली असेल, तर 31 डिसेंबर 1992 ची अट मोडली आणि मग 1985 च्या नियमाचा काहीच उपयोग नाही.

दोनदा वही चाळली. पानं फाडलेली नाहीत, कुणी लिहिलंच नाही.

7 जानेवारी 2024

नवऱ्याने साधा प्रश्न विचारला: पैसे भरून मोकळं का होत नाही? आजच्या किमतीवर 21 टक्के म्हणजे 945 युरो. क्रेन आणि हिवाळ्याच्या जागेला याहून फार कमी लागत नाही.

रात्रभर विचार केला. आयातीचा कर भरायचा म्हणजे ही बोट आज बाहेरून येतेय असं मीच कबूल करायचं. आणि बाहेरून येणाऱ्या बोटीला दुसरा नियम लागतो. 16 जून 1998 पासून संघात विक्रीला येणाऱ्या खासगी बोटींना सीई चिन्ह, म्हणजे संघाचे सुरक्षेचे निकष पाळल्याची खूण, लागतं. त्याआधीपासून इथे वापरात असलेल्या त्यातून सुटतात. एकदा 'आज आली' म्हटलं की 1977 च्या बोटीला आजच्या निकषांवर तपासून घ्यायचा प्रश्न उभा राहतो, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे प्रश्न 945 युरोंचा नाहीच. ही बोट इथलीच आहे, तिचं इथलं असणं मी माझ्या हाताने पुसणार नाही.

14 जानेवारी 2024

दोन धागे मिळाले.

पहिला, 1992 च्या विम्याची पॉलिसी. जुन्या पॉलिसींत बोट वर्षातले किती महिने पाण्यात आणि किती महिने जमिनीवर असेल ते लिहिलेलं असे. हिच्यात '1 नोव्हेंबर ते 31 मार्च, पाण्याबाहेर, लिमिंग्टन' असं आहे. खूप आनंद झाला. पण पॉलिसी म्हणजे मालकाने आधी दिलेला शब्द. बोट तिथे असेल असं त्यात आहे, होती असं नाही.

दुसरा, इंजिन दुरुस्तीचं बिल, 14 जानेवारी 1993, लिमिंग्टनचा कारागीर: व्होल्वो पेंटा एमडी 2बी, हेडचं गॅस्केट बदललं, यार्डात बोटीवर जाऊन. इंजिनचा क्रमांक लिहिलाय. हा पक्का पुरावा आहे, पण दोन आठवडे उशिराचा. कडक अधिकारी म्हणेल, 5 जानेवारीला ग्वेर्नसीहून आली नसेल कशावरून? जानेवारीत इंग्लिश खाडी ओलांडून बोट आणणारा माणूस दुर्मिळ, हे मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत असेल. तरी दोन आठवडे उघडे राहतातच.

आणखी एक अडचण याच बिलावर आहे. बोटीचं नाव 'किटीवेक' लिहिलंय. आमच्या बोटीचं नाव 'मेरिडियन'. तिसऱ्या मालकांनी 2000 मध्ये नाव बदललं.

3 फेब्रुवारी 2024

कागद बाजूला. केबिनच्या छताचं अस्तर उतरवलं. या बोटींत अस्तराच्या मागे फोम असतो, तो वयानुसार भुगा होतो आणि कापड पोटासारखं खाली लोंबतं. दिवसभर तोंडाला फडकं बांधून खरवडलं. केसांत पिवळा भुगा. खिडक्यांचं रबरही बदलायला हवं.

10 फेब्रुवारी 2024

आजोबांकडे गेलो, सफरचंदाचा केक घेऊन. नाव बदलल्याबद्दल त्यांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुमची यात काही चूक नाही, तेव्हा इंग्लंडही संघातच होतं, हे कुणाच्या मनात आलं असतं?

दुसरे मालक हयात नाहीत. पण त्यांची मुलगी दर नाताळला अजून कार्ड पाठवते. आजोबांनी पत्ता दिला. मी तिथेच बसून पत्र लिहिलं, हाताने. बोटीचे फोटो जोडले, पक्ष्याच्या चित्राचाही. आम्हाला काय हवंय ते एका वाक्यात: 1992 च्या ऑक्टोबरपासून 1993 च्या एप्रिलपर्यंत बोट कुठे होती हे सांगणारा कुठलाही कागद, कितीही क्षुल्लक.

16 मार्च 2024

दुसऱ्या मालकांच्या मुलीकडून जाड लिफाफा आला.

पक्ष्याचं चित्र तिचंच, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. किटीवेक हा तो पक्षी, आपल्या कुरवाच्या जातीचा. सप्टेंबरात ग्वेर्नसीला वडिलांची रजा संपली, ती आणि आई बोटीने परत आल्या नाहीत, फेरीने गेल्या. वडील आणि त्यांचे मित्र नंतर ऑक्टोबरात बोट घेऊन आले. वही लिहायचं काम आईचं होतं, म्हणून पानं कोरी.

आणि आत यार्डाचं बिल. लिमिंग्टन. 'किटीवेक, सेंटॉर, 26 फूट. क्रेनने वर: 15 ऑक्टोबर 1992. जमिनीवर जागा: 24 आठवडे 5 दिवस. क्रेनने पाण्यात: 6 एप्रिल 1993. पैसे मिळाले.' खाली सही, शिक्का, आणि व्हॅट साडेसतरा टक्के, तेव्हाचा बरोबर दर. वडिलांच्या आयकराच्या फाइलमध्ये चुकून अडकलं होतं म्हणून राहिलं, असं तिने लिहिलंय.

मी आठवडे आणि दिवस बोटांवर मोजले. 15 ऑक्टोबर ते 6 एप्रिल, 173 दिवस, 24 आठवडे 5 दिवस. बरोबर. नंतर आप्पांना फोन लावला आणि बोलताच येईना. तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते. ते म्हणाले, "मिळालं ना? मग रडतेस काय?"

17 मार्च 2024

आज साखळी जोडली. कोण कुणाला धरून आहे ते बारकाईने लिहायला हवं, कारण बिलावरचं नाव आणि बोटीवरचं नाव वेगळं आहे.

यार्डाच्या बिलावर 'किटीवेक' आणि दोन तारखा. इंजिनाच्या बिलावर 'किटीवेक', त्याच यार्डाचा उल्लेख आणि इंजिनाचा क्रमांक. 1999 च्या सर्व्हे अहवालात 'किटीवेक', तोच इंजिनाचा क्रमांक आणि कॉकपिटच्या पट्टीवरचा क्रमांक. पट्टी आजही बोटीवर आहे. ते इंजिन 2008 मध्ये काढून नवं बसवलं. सर्व्हेयरने 1999 मध्ये जुन्या इंजिनाचा क्रमांक टिपला नसता तर मधली कडी तुटली असती. जुन्या मोठ्या शिडावरचा क्रमांकही पट्टीशी जुळतो. त्या सर्व्हेयरला मी ओळखत नाही, पण त्याने किड्यामुंगीइतक्या अक्षरात टिपलेले ते आकडे मी आज दहा वेळा वाचले.

पट्टीचे फोटो काढले: एक जवळून, एक कॉकपिट दिसेल असा, एक बाहेरून नाव आणि बंदर दिसेल असा. एका फोटोतून दुसऱ्यात जाताना बोट तीच आहे हे कळलं पाहिजे.

20 एप्रिल 2024

कस्टम्सशी बोलले. संघाच्या सीमाशुल्क कायद्याचं कलम 153 सांगतं की संघाच्या हद्दीतला माल संघाचाच मानायचा, उलट सिद्ध होईपर्यंत. वेरेच्या तळ्यात फिरताना कुणी काही विचारायचं कारण नाही. बोट बाहेर जाऊन परत येते तेव्हा तिचा दर्जा दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते.

टी2एल नावाचा दाखला असतो, माल संघाचा आहे असं सांगणारा. 1 मार्च 2024 पासून तो नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत गेला. पण तो 90 दिवस चालतो. जन्मभराचा दाखला असा नाहीच. दाखला मागायला गेलं तरी पुढ्यात हेच कागद ठेवावे लागणार. त्यामुळे फाइल हेच मूळ.

18 मे 2024

बोट रंगली. तळाला निळा, वर पांढरा. नाव बदलायचं आम्ही आधीच ठरवलं होतं, पण एवढं सगळं झाल्यावर माझा धीर होईना. नाव बदललं म्हणूनच तर दोन महिने गेले. लेक म्हणाली, मग असं नाव ठेवूया की जे तिचंच आहे. किटीवेक म्हणजे कुरव. हिवाळ्यात मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी उतरते तेव्हा डोक्यावर पांढरा ढग घोंघावतो ते कुरव.

'कुरव' ठेवलं. एक शिस्त घालून घेतली: यापुढे प्रत्येक बिलावर, पॉलिसीवर, मरीनाच्या करारावर 'कुरव, पूर्वीची मेरिडियन, त्याआधी किटीवेक' असं लिहून घ्यायचं, आणि पट्टीचा क्रमांक. विमावाल्यांनी लगेच मान्य केलं. रंगाच्या दुकानातल्या मुलीने तीन ओळी टाइप करताना कारण विचारलं. सांगितलं, तर तिने आपल्या वडिलांच्या बोटीसाठी लिहून घेतलं.

फाइल तीन प्रतींत. मूळ कागद घरी लोखंडी कपाटात, रंगीत प्रत बोटीवर जलरोधक पिशवीत, स्कॅन लेकीच्या संगणकावर. फॅक्सचे कागद आधी स्कॅन केले, कारण त्यांवरची अक्षरं पुसत चालली आहेत. पहिल्या पानावर वहिवाटीची रेघ, 1977 ते 2024, प्रत्येक सालापुढे कागदाचा आकडा. तीन तारखा लाल शाईने.

9 ऑगस्ट 2024, रॅम्सगेट (इंग्लंड)

वेरेहून कालव्याने मिडलबुर्ख, फ्लिसिंगेनच्या लॉकमधून, म्हणजे कालव्याच्या जलद्वारातून, वेस्टर्न शेल्डेच्या खाडीत. अँटवर्पला जाणारी जहाजं डोंगरासारखी. तिथून सुमारे 80 सागरी मैल, रात्रभर. पहाटे ब्रिटनच्या हद्दीत शिरताना पिवळा झेंडा चढवला, बाहेरून आलोय आणि कस्टम्स बाकी आहे हे सांगणारा. संघातल्या रहिवाशाची बोट तिथे तात्पुरत्या प्रवेशाखाली 18 महिने करमुक्त राहू शकते. आम्ही तीन दिवस राहणार आहोत.

संध्याकाळी ती आली, पक्ष्याचं चित्र काढणारी. आता चाळिशीची, दोन मुलं. कॉकपिटमध्ये डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली, म्हणाली, माझी जागा ही. मी तिला मूळ बिल परत द्यायला निघाले तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, ते बोटीचं आहे.

13 ऑगस्ट 2024, फ्लिसिंगेन

लॉकच्या अलीकडे कस्टम्सची लाँच बाजूला आली. दोन अधिकारी, एक तरुण, एक पन्नाशीतला. कुठून आलात, किती दिवस, दारू-तंबाखू किती. मग पन्नाशीतल्याने विचारलं, "बोट 1977 ची. बेटेवेचा दर्जा?"

पिशवी दिली. तो बाकावर बसून पानं उलटू लागला. लाल तारखांपाशी थांबला. 2020 चं क्रेनचं बिल पाहिलं, मान हलवली. 1992 चं हातात घेऊन विचारलं, "किटीवेक कोण?" मी सर्व्हे अहवाल उघडला, इंजिनाचा क्रमांक दाखवला, मग त्याला कॉकपिटची पट्टी दाखवली. त्याने खाली वाकून अंगठ्याने मीठ पुसलं आणि क्रमांक वाचला. एकेक आकडा, मोठ्याने. तरुण अधिकारी अहवालातून ताडून पाहत होता.

वीस मिनिटं लागली. पिशवी परत देताना तो म्हणाला, असं लावलेलं क्वचित बघायला मिळतं. कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी.

लॉक उघडला. रात्री मिडलबुर्खला बांधलो. रॅम्सगेट बंदराची तीन रात्रींची पावती फाइलमध्ये लावली, क्रमांक 214. आम्ही सांगितल्याप्रमाणे त्यांनी तिन्ही नावं लिहिली आहेत.